जुना सीबी रेडिओ आणि आजची खरखर

अमेरिकेत गॅरेज सेलमध्ये किंवा जुन्या बाजारात थोडी उकराउकर केली की सत्तरच्या दशकातला एखादा सीबी रेडिओ हाताला लागतोच. कोब्रा, रिअ‍ॅलिस्टिक, प्रेसिडेंट अशी नावं, पत्र्याचा चपटा डबा, पुढे दोन-तीन नॉब, एक छोटा मीटर आणि वेटोळ्या वायरीचा माइक. घरी आणून बारा व्होल्ट दिले, अँटेना जोडली, की मीटरचा काटा उसळून वर जाऊन बसतो आणि स्पीकरमधून नुसती खरखर. "खराब निघाला," असं म्हणून घेणारा तो परत कपाटात टाकतो.

खरं तर काटा वर गेला ही चांगली बातमी आहे. अँटेना जोडल्याबरोबर खरखर वाढली याचा अर्थ सेटचा कान शाबूत आहे. तो जे ऐकतोय ते आपल्याला नकोय, एवढंच. हा सेट बनला तेव्हा घरात जो गोंगाट नव्हता तो आज आहे, आणि त्याचं खापर बिचाऱ्या पन्नास वर्षांच्या डब्यावर फुटतं. म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी एक गोष्ट ठरवायची: खरखर डब्याच्या आतली की बाहेरची? हे न ठरवता स्क्रू ड्रायव्हर उचलणाऱ्यांनी जितके सेट मारलेत, तितके वयानेही मारले नसतील.

आधी हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य माणसाने परीक्षा न देता वापरायची रेडिओ-पट्टी. १९५८ साली एफसीसीने, म्हणजे तिथल्या दळणवळण नियामक संस्थेने, हौशी रेडिओवाल्यांकडची ११ मीटरची पट्टी काढून घेतली आणि २७ मेगाहर्ट्झच्या आसपास २३ चॅनेल लोकांसाठी खुले केले. पंधरा वर्षं त्याचा फार गवगवा नव्हता. मग १९७३ चं तेलसंकट आलं, डिझेल मिळेना, महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, आणि ट्रकवाले एकमेकांना सीबीवरून सांगू लागले की पंप कुठे चालू आहे आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत. वेड इतकं पसरलं की राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डही 'फर्स्ट मामा' या नावाने बोलायच्या. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल ४० झाले आणि १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अटही गेली. बाजारात मिळणारे बहुतेक जुने सेट या लाटेतले आहेत. ताकद तेव्हा होती तेवढीच आजही: एएम वर ४ वॉट.

हे एएम प्रकरण खरखरीच्या मुळाशी आहे. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो. लहर जितकी वरखाली होईल तसा स्पीकर हलतो. आणि ठिणगी, मोटर, चार्जर, वीज चमकणे या सगळ्यांचा उपद्रवही नेमका उंचीतच येतो. रिसीव्हरला दोन्हीत फरक कळायचं कारण नाही. एफएममध्ये माहिती कंपनसंख्येत असते, त्यामुळे उंचीतली चढउतार रिसीव्हर सरळ छाटून टाकतो. ब्रिटनने १९८१ मध्ये सीबीला परवानगी दिली ती एफएमवरच. अमेरिकेने २०२१ मध्ये एफएम चालेल असं म्हटलं, पण जुन्या सेटला त्याचा उपयोग नाही. त्याच्या पोटात ती सोयच नाही.

त्यात जागाही अशी मिळाली की विचारू नका. २७.१२ मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंची पट्टी जगभर औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांसाठी सोडलेली आहे. प्लास्टिकच्या शिवणी तापवून जोडणारी यंत्रं तिथेच चालतात. फिजिओथेरपीत सांधा शेकायला वापरतात ते शॉर्टवेव्ह डायथर्मीचं यंत्रसुद्धा २७.१२ वरच. रिमोटच्या जुन्या खेळण्यातल्या गाड्याही चॅनेलांच्या मधल्या फटीत बसवलेल्या. तरीही ही जुनी मंडळी परवडली. ती मोजकी होती आणि काम संपलं की गप्प बसायची.

आजचा खरा उपद्रवी आहे स्विचिंग पॉवर सप्लाय. एलईडी दिव्यात, मोबाइलच्या चार्जरमध्ये, टीव्हीत, राउटरच्या अडॅप्टरमध्ये, छपरावरच्या सोलर इन्व्हर्टरमध्ये, सगळीकडे तो आहे. पूर्वीचा जड ट्रान्सफॉर्मर जाऊन त्याच्या जागी एक ट्रान्झिस्टर आला, जो करंट सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा चालू-बंद करतो. त्यामुळे वीज वाचते आणि डबा हलका होतो. पण चालू-बंद जितकं झटकन, तितक्या त्याच्या पटींतल्या कंपनसंख्या वरपर्यंत पसरतात. १०० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या चार्जरची २७० वी पट बरोबर आपल्या बँडात येते. एकटी ती क्षीण असते, पण घरात असे वीस-पंचवीस चार्जर आणि दिवे, आणि त्या सगळ्यांना जोडलेलं भिंतीतलं वायरिंग आयतीच अँटेना. हे रोखायला आत फिल्टरचे चार सुटे भाग पुरतात. स्वस्त मालात नेमके तेच गाळलेले असतात.

परिणाम किती, ते आकड्यात बघू. मीटरवर एस-१ ते एस-९ असे अंक असतात आणि दर अंकाला ६ डेसिबल धरतात. (जुन्या सेटचे मीटर इतके प्रामाणिक नसतात, पण अंदाज येतो.) खरखर दोन अंकांनी वाढली म्हणजे १२ डेसिबल, म्हणजे सोळापट. समोरच्याला पूर्वीइतकंच स्पष्ट ऐकू यायचं असेल तर त्याने ४ ऐवजी ६४ वॉट सोडायला हवेत. तो सोडणार नाही, कायद्याने सोडताही येत नाही. लग्नात बँड वाजत असताना बोलायचं तर जवळ सरकावंच लागतं, तसा आपला पल्ला आखडतो. आणि इथे एक गैरसमज मोडायला हवा. आपण बेकायदा अँप्लिफायर लावून १०० वॉट सोडले तर आपलं लोकांना ऐकू जाईल, पण आपल्याला त्यांचं एक अक्षरही जास्त ऐकू येणार नाही.

आत की बाहेर?

सेट चालू ठेवा, चॅनेल रिकामा निवडा आणि मागची अँटेनाची वायर काढा. माइकचं बटण मात्र या अवस्थेत दाबू नका. अँटेनाशिवाय ट्रान्समिट केलं तर शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. वायर काढल्यावर खरखर एकदम खाली आली तर दोष बाहेरचा. तशीच राहिली तर ती आतली तरी आहे किंवा विजेच्या वायरीतून घुसतेय. त्याचा निकाल लावायला सेट अडॅप्टरवरून काढून साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या. गप्प झाला तर गुन्हेगार अडॅप्टर. लॅपटॉपच्या जातीच्या अडॅप्टरवर सीबी चालवणारे लोक पाहिले की हसावं की रडावं कळत नाही.

बाहेरचा दोष असेल तर सेट आणि अँटेना बॅटरीवर चालू ठेवून घराचा मेन स्विच पाडा. शांत झालं? मग एकेक ब्रेकर वर करत जा. कुठल्या खोलीला खरखर परत येते ते कळलं की त्या खोलीतली एकेक वस्तू काढायची. मेन पाडूनही काहीच फरक नाही? मग शेजारी, सोलर किंवा रस्त्यावरची विजेची तार.

कानाला थोडी सवय झाली की आवाजावरूनही ओळख पटते. विजेच्या खांबावर सैल क्लँप किंवा तडकलेला इन्सुलेटर असेल तर जाड, खरवडल्यासारखी घरघर येते. तिचा ठेका अमेरिकेत सेकंदाला १२०, आपल्याकडे १००. हवा कोरडी असताना ती वाढते आणि पाऊस पडला की बऱ्याचदा गायब होते. चार्जरची खरखर मात्र पाऊस-ऊन पाहत नाही. काही चॅनेलांवर दाट, काहींवर विरळ, अशी ती सरकत राहते. गाडीत टिकटिक येत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ती भरभर होत असेल तर ते स्पार्क प्लग. बारीक शिट्टी इंजिनाबरोबर चढत-उतरत असेल तर अल्टरनेटर. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली, तरी खरखर आहे, तर आधी डॅशकॅमचा आणि मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून उपटा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

खांबावरचा दोष सापडला तर वीज कंपनीला कळवायचं. खिशातला एएम रेडिओ रिकाम्या जागी लावून खांबाखांबाने चालत गेलं की कुठे जोर वाढतो ते समजतं आणि तक्रारीत खांबाचा नंबर देता येतो. जुने हौशी लोक खांबावर हातोडा मारून पाहायचे. ते करू नका, वरून इन्सुलेटरचा तुकडा किंवा तारच खाली येऊ शकते.

घरातल्या आणि गाडीतल्या उपद्रवाला पहिला उपाय म्हणजे ती वस्तू बदलणे. तो नसेल जमत तर फेराइट. चार्जरच्या वायरीवर जो काळा गठ्ठा दिसतो तोच हा. लोक चिमट्यासारखा फेराइट घेतात, वायरीवर एकदा बसवतात आणि "काही फरक पडला नाही" म्हणतात. २७ मेगाहर्ट्झला एका फेरीने फारसं काही होत नाही. अडवणूक वेढ्यांच्या वर्गाने वाढते, म्हणून तीन वेढे घातले तर साधारण नऊपट. मोठ्या भोकाचा घ्या आणि घेताना '३१ मिक्स' मागा. हा मालच या पट्टीसाठी बरा. गाडीत सेटची वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेऊ नका. दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत न्या, फ्यूज बॅटरीजवळ टाका. बॉनेट आणि सायलेन्सरचा पाइप जाळीदार तांब्याच्या पट्टीने चासीला जोडला की आणखी फरक पडतो.

अँटेनावर कंजूषपणा नको

२७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटर लांब. तिचा पाव भाग म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास काठी, आणि तीच सर्वांत सरळ, चांगली अँटेना. ट्रकला ती चालते, मोटारीवर लोक पाऊण-एक मीटरची आखूड काठी लावतात आणि उरलेली लांबी तळाच्या कॉइलने भरून काढतात. आखूड म्हणजे थोडा तोटा, तो मान्य करायचा. घरी अँटेना जितकी भिंतींपासून लांब आणि उंच, तितकी चार्जरांच्या गराड्यातून बाहेर. पैसे थोडेच असतील तर माझं मत अँटेनाला, सेटला नाही.

एसडब्ल्यूआर मीटर मात्र हवाच. सेटमधून निघालेली ताकद अँटेनाने किती घेतली आणि किती परत फेकली याचं ते माप. १.५ आला तर फक्त ४ टक्के परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला पाव भाग. १.५ चा १.२ करण्यासाठी दिवसभर छपरावर चढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाहावा. मोजताना चॅनेल १ आणि ४० दोन्हीकडे मोजा. १ वर कमी आणि ४० वर जास्त असेल तर काठी लांब आहे, थोडी आखूड करा. उलट असेल तर वाढवा. दोन्हीकडे भयंकर असेल तर लांबीचा प्रश्न नाही. कनेक्टर, पाणी शिरलेली केबल किंवा तळाचं अर्थिंग बघा. जुन्या केबलचं बाहेरचं आवरण कापून पाहा. आतली तांब्याची जाळी काळी-हिरवी पडली असेल तर ती केबल फेकायची.

आता डबा उघडू

खरखर आतलीच आहे असं ठरलं, किंवा सेट मुकाच आहे, तेव्हा झाकण काढायचं. पण त्याआधी माइक लावलाय ना? बऱ्याच जुन्या सेटमध्ये स्पीकरचा रस्ता माइकच्या बटणातून जातो. माइक नसेल तर सेट ऐकतही नाही. बाजारात माइकविना 'बंद' म्हणून विकले जाणारे कित्येक सेट चांगले असतात. माइकची वायर डब्याच्या तोंडाशी आणि बटणाशी वाकून वाकून आतून तुटते, तीही आधीच हलवून पाहावी.

फ्यूज उडालेला असेल आणि नवा टाकताच उडत असेल तर बहुधा कोणीतरी कधीतरी प्लस-मायनस उलटे जोडले आहेत. आत वीज येते तिथेच एक डायोड आडवा लावलेला असतो. उलटी वीज आली की तो शॉर्ट होऊन फ्यूज घालवतो आणि स्वतः मरून बाकीचा सेट वाचवतो. मल्टिमीटरने तपासा, बदला, काम झालं. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेला दिसला तर मात्र सर्किटवरची तांब्याची पट्टी जळालेली असणार, ती वायरीने जोडून घ्यावी लागते.

पन्नास वर्षांत हमखास जातात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, जुन्या दुकानदारांच्या भाषेत कंडेन्सर. आतला द्रव सुकतो. वर फुगलेला, बुडाशी डाग पडलेला दिसला तर ओळखायला सोपं, पण न दिसताही तो मेलेला असू शकतो. मुख्य फिल्टर कंडेन्सर सुकला की अल्टरनेटरची शिट्टी, जी त्याने गिळायला हवी, ती सरळ आवाजात येते. म्हणजे एकच शिट्टी, पण दोष गाडीतही असू शकतो आणि डब्यातही. गाडीतली वायरिंग नीट करूनही शिट्टी जात नसेल तेव्हा याच्याकडे बघायचं. बदलताना मायक्रोफॅरॅड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं, आणि प्लस-मायनस फोटो काढून मगच.

नॉब फिरवताना कर्रर्र आवाज येतो तो धूळ आणि गंजाचा. इलेक्ट्रॉनिक कामाचा काँटॅक्ट क्लीनर आत मारा आणि नॉब वीस वेळा फिरवा. घरातला गंज सोडवायचा साधा स्प्रे इथे नको, त्याचा तेलकट थर मागे राहून धूळ धरतो. चॅनेलच्या नॉबलाही हेच औषध.

२३ चॅनेलच्या सेटमधली एक गंमत सांगायलाच हवी, कारण ती कळली की निदान चुटकीसरशी होतं. तेव्हा प्रत्येक चॅनेलला वेगळा क्रिस्टल, म्हणजे कंपनसंख्या ठरवणारा क्वार्ट्झचा तुकडा, लावणं महाग पडायचं. म्हणून एका गटात सहा आणि दुसऱ्या गटात चार क्रिस्टल घेऊन त्यांच्या जोड्या जुळवायचे: सहा चोक चोवीस, पैकी २३ वापरात. दुसऱ्या गटाचे चार बहुधा ऐकण्यासाठी वेगळे आणि बोलण्यासाठी वेगळे. त्यामुळे ५, ६, ७, ८ असे लागोपाठचे चार चॅनेल मेले असतील तर सहांतला एक क्रिस्टल रुसलाय. १, ५, ९, १३ असा दर चौथा ऐकू येत नसेल तर ऐकण्याच्या चारांतला. आणि दर चौथा ऐकू येतो पण बोलता येत नाही, तर बोलण्याच्या चारांतला. क्रिस्टल मागवण्याआधी नॉबचे संपर्क साफ करा आणि त्या क्रिस्टलच्या पायांना नव्याने सोल्डर द्या, दोष तिथेही असू शकतो. ४० चॅनेलच्या सेटमध्ये हे काम मोजकेच क्रिस्टल आणि त्यांच्यावरून सगळे चॅनेल तयार करणारी पीएलएल चिप करते, तिथे हा हिशेब लागू नाही.

ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत आलेला सोल्डरचा जोड, तर सगळीकडे. माइकचं आणि वीज येण्याचं सॉकेट, आवाजाची चिप, पॉवर ट्रान्झिस्टर, जिथे ताण किंवा उष्णता तिथे भिंगातून सोल्डरभोवती बारीक काळी गोल चीर दिसते. जुनं सोल्डर ओढून नवं द्यायचं.

एक गोष्ट करायची नाही. आत छोट्या चौकोनी डब्यांत रंगीत खाचेचे स्क्रू दिसतात, ते घट्ट करायचे स्क्रू नाहीत. ते फेराइटचे गाभे आहेत, कारखान्यात मापून बसवलेले. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने ते तडकतात, आणि न तडकता फिरले तर सेट बहिरा होतो. त्यांना हात लावायचा तर डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रोध), फ्रिक्वेन्सी काउंटर, सर्किटची आकृती आणि प्लास्टिकची चावी हवी. तुमच्या आधी कोणी 'आवाज वाढवून देतो' म्हणून मॉड्युलेशनचा लगाम, म्हणजे आवाज लहरीवर किती चढू द्यायचा ती मर्यादा, तोडला असेल, तर त्याची खूण म्हणजे कापलेला डायोड किंवा ट्रान्झिस्टर. तो परत लावा. लगाम नसलेला सेट शेजारच्या चार चॅनेलांवर राख उडवतो, म्हणजे इतरांची खरखर आपणच बनतो.

टेबलावर ठेवायचे बेस सेट असतील तर सावध. त्यांच्यात घरची वीज थेट येते आणि व्हॉल्व्हच्या जुन्या सेटमध्ये दोन-तीनशे व्होल्ट डीसी असतो, प्लग काढल्यावरही थोडा वेळ टिकणारा. पहिला सेट म्हणून असा उघडू नये.

ऐकताना

सगळं करूनही थोडी खरखर उरतेच, तेव्हा पुढच्या नॉबांचा उपयोग. स्क्वेल्च फक्त झाकतो. ठरावीक पातळीखालचं सगळं बंद, त्यात कुजबुजणारा दूरचा माणूसही गेला. म्हणून खरखर जेमतेम थांबेल इतकाच फिरवायचा. आरएफ गेन कमी केला की सेट कमी ऐकतो, पण जवळचा ट्रक ठळक राहतो आणि मागचा गोंगाट विरतो. वाहत्या महामार्गावर मी स्क्वेल्चपेक्षा यालाच जास्त पसंती देईन. एएनएल (ऑटोमॅटिक नॉइज लिमिटर) आवाजातली टोकं छाटतो. नॉइज ब्लँकर त्याहून हुशार, ठिणगीचा ठोका येताच क्षणभर रिसीव्हरच बंद करतो. पण तो टिकटिकीसाठी बनलाय. चार्जरची सलग खरखर असेल तर क्षणभर कधी बंद करायचं हेच त्याला कळत नाही. त्याने काही केलं नाही म्हणून तो बिघडलाय असं समजू नका.

सेटमध्ये सिंगल साइडबँड असेल, कोब्राच्या १४८ जीटीएलसारखा, तर वेगळीच मजा. तिथे लहरीच्या दोन बाजूंपैकी, म्हणजे वरच्या आणि खालच्या साइडबँडपैकी, एकच वापरतात. निम्मीच पट्टी ऐकायची, म्हणून गोंगाटही निम्मा आत येतो, आणि १२ वॉटच्या शिखरापर्यंत परवानगी आहे. चॅनेल ३८ च्या खालच्या साइडबँडवर (एलएसबी) ही मंडळी भेटतात. ट्रकवाल्यांचं १९, आणीबाणीचं ९.

काही दिवशी मात्र खरखर नसते, माणसंच माणसं असतात. सूर्यावरच्या डागांचं चक्र अकरा वर्षांचं. ते ऐन भरात असलं की वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, म्हणजे आयनमंडळ, २७ मेगाहर्ट्झ परत जमिनीकडे वळवतं आणि हजार-दोन हजार मैलांवरचे आवाज चार वॉटवर येतात. २०२४ मध्ये असा भर होता. अनेक दूरची स्टेशनं एकाच चॅनेलवर आदळली की त्यांच्या वाहक लहरी एकमेकींशी भिडून शिट्ट्या वाजतात. त्यावर फेराइट चालत नाही, स्क्रू ड्रायव्हर तर नाहीच. पूर्वी १५५ मैलांपलीकडे बोलायला बंदी होती, ती एफसीसीने २०१७ मध्ये काढून टाकली, त्यामुळे आता त्यातल्या एखाद्याला हाक मारायलाही हरकत नाही.

अमेरिकेतून येताना असा सेट बॅगेत टाकून महाराष्ट्रात आणायचा विचार असेल तर एवढं बघून घ्या. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्टीत परवान्यातून सूट आहे, पण ती ५ वॉटपर्यंतच्या, अँटेना अंगचीच असलेल्या उपकरणाला. गाडीच्या टपावर वेगळी काठी लावून चालणारा सेट त्यात बसत नाही. शिवाय अमेरिकी चॅनेलांपैकी १ ते २७ च या पट्टीत येतात, २८ पासूनचे बाहेर पडतात. हौशी रेडिओचा परवाना काढलेल्यांना दुसरी वाट आहे: काही जुने सेट थोड्या फेरफाराने २८ मेगाहर्ट्झच्या १० मीटर पट्टीवर नेता येतात. त्या कामाला मात्र वर सांगितलेले गाभे फिरवावेच लागतात, मोजमापाची साधनं हाताशी घेऊन.